आठ दिवसांच्या बोलीवर

टॅब घ्यायचा की नाही हे ठरवायला कुंदनने मला आठ दिवस दिले होते. कुंदन माझा मावसभाऊ. अकोल्यात बसस्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे, आणि नातेवाइकांना तो वस्तू विकत नाही, गळ्यात मारतो. त्यामुळे तो "ताई, घेऊन जाय, वापरून पाय, पटला त ठेव" म्हणाला तेव्हा मी तो टॅब आधी उलटसुलट करून पाहिला. लहानसाच होता, शाळेच्या शंभर पानी वहीएवढा. एका कोपऱ्यावर बारीक ओरखडा होता.

"पुढच्या रविवारी एक त पैसे दे, नाई त हा वापस आणून दे," कुंदन म्हणाला. "आठ दिवसांच्या बोलीवर देऊन राह्यलो. घरच्या मानसासाठी एवढं करतो मी."

"याच्यात काय एवढं?" मी विचारलं.

त्याने टॅब माझ्यासमोर धरला. पडद्यावर माझंच वाक्य ठसठशीत मराठी अक्षरात उमटलेलं होतं. समोरचा बोलतो, हा लिहितो. नेटसुद्धा लागत नाही. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, असल्या गोष्टींनी मी हरखून जायला नको. पण खरं सांगते, मी हरखले, कारण मला त्या क्षणी बाबांचा चेहरा दिसला.

बाबा म्हणजे माझे सासरे, किसनराव. वय चौऱ्याहत्तर, ऐकू येणं शून्य. दर्यापूरच्या एका जिनात त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला रेचा म्हणतात. असे चाळीस रेचे एका छपराखाली चालायला लागले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं ओरडणंही कळत नाही. त्या रेच्यांनी बाबांचे कान खाल्ले. माझ्या सासूबाई, जाईबाई, त्याच जिनात रेच्यावर कापूस टाकायला होत्या. तिथली माणसं आवाज काढण्याच्या भानगडीतच पडत नसत. नुसते ओठ हलवायचे, मोठेमोठे आणि सावकाश, आणि सोबत हातांच्या खुणा. पाण्याची खूण, मुकादम आल्याची खूण. बाबांची खूण म्हणजे दोन बोटं हवेत पिळायची, नट आवळल्यासारखी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आई ही खूण करायच्या. जीन सुटून वीस वर्षं झाली तरी माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा करायच्या.

दोघं तासन्‌तास बोलत बसायचे आणि घरात आवाज नसायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यांचं भांडण झालंय. भांडणाची रीत वेगळी होती, ती पुढे कळली. राग आला की तोंड फिरवायचं. तोंडच दिसलं नाही की बोलणं बंद. जिनात कुणी तोंड फिरवलं की समजून जायचं, हा माणूस आता आपल्याशी बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेल्या आणि बाबा दर्यापूर सोडून अमरावतीला आमच्याकडे आले. आमचे ओठ त्यांना वाचता येत नाहीत. "तुमी तोंडातल्या तोंडात बोलता," म्हणतात. कानातलं यंत्र आणलं, ते त्यांनी एका दिवसात काढून डबीत ठेवलं, डोक्यात रेचा सुरू होतो म्हणाले. मग पाटी आली. चहा हवा का, जेवता का, लाइट बिल भरलं. दोन वर्षं त्या माणसाशी आम्ही पाटीवर मावेल एवढंच बोललो. मला याची लाज वाटायची आणि लाजेपोटी मी आणखीच कमी लिहायचे.

पहिल्या रविवारी जेवताना मी टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. माझा नवरा अनुप पाटबंधारे खात्यात कारकून आहे आणि घरात त्याला विनोद करायची फार हौस. तो टॅबकडे तोंड करून म्हणाला, "बाबा, भाजी खारट झाली हाये, पन माधवीले सांगू नका."

टॅबने ते पुणेरी करून लिहिलं: बाबा, भाजी खारट झाली आहे, पण माधवीला सांगू नका. बाबांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि एवढ्या जोरात हसले की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या.

"ते त मी दोन सालापासून खाऊन राह्यलो!" बाबा म्हणाले.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने एखाद्या बोलण्याला वेळेवर उत्तर दिलं होतं. अनुप हसता हसता उठून मोरीत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी तेव्हाच ठरवलं, घ्यायचा. आठ दिवस कशाला, आत्ताच कुंदनला फोन करते. पण मला कुंदनला थोडं टांगून ठेवायचं होतं. ती एक खोड मला महागात पडली.

सोमवारी सकाळची शाळा करून मी साडेबाराला घरी आले. एप्रिल महिना, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. बाबा पुढच्या खोलीत कूलरसमोर आरामखुर्चीत झोपले होते. टॅब त्यांच्या शेजारी स्टुलावर होता आणि त्याच्या पडद्यावर एक ओळ होती.

त्यायच्या डोक्यावर वारं लागते, पंखा कमी कर.

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा पाचवर होता. मी तो तीनवर आणला आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण कुणाचं तरी ऐकलं. अनुप ऑफिसात होता. दाराचं कुलूप मी स्वतःच्या किल्लीने उघडून आत आले होते. टीव्ही बंद.

संध्याकाळी अनुपला सांगितलं तर तो म्हणाला, "कूलर. त्या भडभडीत त्याले शब्द ऐकू येत असतीन." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. यंत्राला गोंगाट दिला की ते त्यातून काहीतरी अर्थ काढतं, हे मी वर्गातही सांगू शकले असते.

म्हणून मंगळवारी आल्या आल्या मी कूलर बंद केला. पंखाही बंद केला. खिडक्या लावल्या. बाबा जागे होते, ते माझ्याकडे बघत राहिले, या उकाड्यात सुनेला काय झालं म्हणून. मी स्टुलाजवळ उभी राहिले. घामाचा थेंब माझ्या हनुवटीवरून खाली पडला. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. आणि पडद्यावर एक एक शब्द यायला लागला, सावकाश, बोलणारा दम घेत असावा तसा.

माधवी, त्यायले चहा दे. दुपारचा लागते त्यायले.

बाबांनीही वाचलं. त्यांनी मला विचारलं, "हे कोन बोललं?"

मी पाटी घेतली आणि लिहिलं: कूलरचा आवाज.

"कूलर त बंद हाये," बाबा म्हणाले. "आन कूलर चहाचं इचारते?"

ते थट्टेने म्हणाले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा ठेवला. साखर ओट्यावर सांडली. आमचं घर बौद्ध आहे. श्राद्ध नाही, पिंड नाही, अंगात येणं नाही. बावीस प्रतिज्ञा पुढच्या खोलीत भिंतीवर लावल्या आहेत आणि मी त्या मनापासून मानते. वस्तीत कुणाला झपाटलं म्हणून बाबाबुवाकडे नेलं की मी तिथे जाऊन भांडते. अशी बाई चहा ढवळत मागे वळून बघत होती.

बुधवारी बाबा जेवून आत पलंगावर झोपले होते. मी वह्या तपासायला पुढच्या खोलीत बसले. टॅब बाजूला होता, मुद्दाम पालथा घातलेला. तासाभराने मला राहवलं नाही आणि मी तो सुलटा केला.

त्यायले बोलाव.

मी वही मिटली. लाल पेन उघडंच राहिलं आणि त्याने माझ्या साडीवर रेघ ओढली, ती आजही आहे. कारण हे वाक्य मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं.

आता ते सांगायलाच हवं. आई अमरावतीच्या दवाखान्यात नऊ दिवस होत्या. फुप्फुसात पाणी झालं होतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. पहिले तीन दिवस बाबाही तिथेच होते. त्यांना काही ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडून विचारायचे, सिस्टर चिडायच्या, वॉर्डातली माणसं बघायची, आणि प्रत्येक गोष्ट मला पाटीवर लिहून द्यावी लागायची. डॉक्टर काय म्हणाले, सलाइन का बदललं, ही बाई का रडते. माझी रात्रंदिवस धावपळ, त्यात हे. चौथ्या दिवशी मी अनुपला म्हटलं, "बाबाले दर्यापूरले सोडून दे. घर उघडं पडलं म्हणून सांग." बाबा निघाले तेव्हा आई त्यांच्याकडे बघत होत्या, तेवढ्यात सिस्टरने कमरेत इंजेक्शन द्यायला आईंना भिंतीकडे वळवलं. बाबा दारातून बघत होते. मग ते गेले.

नवव्या दिवशी दुपारी आईंनी माझा हात ओढला. मास्कच्या आत त्यांचे ओठ हलले, जिनातल्यासारखे, मोठे आणि सावकाश, आवाज न काढता. त्यायले बोलाव. आणि दोन बोटं हवेत पिळली. सिस्टर म्हणाली, आजी देवाचं नाव घेऊन राह्यल्या. मी मान डोलावली. आईंना मी म्हटलं, "हो, उद्या." तासाभराने त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. चार वाजता तिसऱ्यांदा. दर्यापूर दीड तासावर आहे. एक फोन शेजाऱ्यांना केला असता तर बाबा साडेपाचच्या आत आले असते. मी केला नाही, कारण मला ती पाटी पुन्हा हातात घ्यायची नव्हती. कारण एवढंच. आई सहाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला ओरडून विचारलं होतं, "काही बोल्ली का ती?" भरल्या अंगणात, सगळ्या पाहुण्यांसमोर. मी पाटीवर लिहिलं: झोपेतच गेल्या. काही बोलल्या नाहीत. बाबांनी ते वाचलं आणि पाटी उलटी करून ठेवली.

तर ते वाक्य पडद्यावर होतं. बोललं गेलं तेव्हाही त्याला आवाज नव्हता. कुठल्या माइकने ते ऐकलं असणार?

मी ते पुसलं. टॅब बंद केला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, कपाटाला कुलूप घातलं, आणि अनुपला सांगितलं की हा टॅब आपल्याला नको. बॅटरी टिकत नाही. पडदा लहान आहे. कोपऱ्यावर ओरखडा आहे. अनुप माझ्याकडे बघतच राहिला.

"अवं, रविवारी त तूच नाचून राह्यली होती."

"मग आता नाही नाचत."

"बाबाले इचार आधी."

बाबांना विचारायची गरज नव्हती. गुरुवारी मी शाळेतून आले तर ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते. "काढ ते," म्हणाले. मी काढला. बंद करून ठेवलेला टॅब चालू होता. पडद्यावर तीन ओळी होत्या, एकाखाली एक, तिन्ही सारख्या. मी तो छातीशी धरला, बोटाने चाचपडत पुसलं, आणि मगच बाबांच्या हातात दिला. त्यांनी माझं ते पुसणं पाहिलं.

शुक्रवारी दुपारी मी दारातच थबकले. बाबा खुर्चीत सरळ बसले होते, तोंड भिंतीकडच्या रिकाम्या दिवाणाकडे. दर्यापूरहून आणलेला तो दिवाण आईंचा होता. बाबांचे ओठ हलत होते, मोठे आणि सावकाश. काहीतरी विचारत होते, थांबत होते, वाट बघत होते, पुन्हा विचारत होते. स्टुलावरच्या टॅबवर काहीही येत नव्हतं. मी आत पाऊल टाकलं आणि अक्षरं आली.

माधवी आली. उन्हाची आली, पानी पी.

बाबांनी टॅब वाचला. माझ्याकडे वळले, ते रडत होते. माझ्या सासऱ्यांना मी आईंच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "तुह्यासंगच बोलते ती. माह्यासंग नाही बोलत. चार दिवस झाले, मी रोज इचारून राह्यलो. माह्यासाठी चहा सांगते, पंखा सांगते, पन मले काही म्हनत नाही."

मी पाटी शोधायला लागले. काय लिहिणार होते कुणास ठाऊक.

"राहू दे," बाबा म्हणाले. "मले माहीत हाये. दवाखान्यातून निंघालो तवा तिनं तोंड फिरवलं होतं. मी दारात उभा होतो आन तिनं माह्याकडे पाहून तोंड फिरवलं. मंग तू बी लिहून देल्लं का ती काही बोल्ली नाही. अजून रागातच हाये ती." त्यांनी टॅबकडे बोट केलं. "तरी बी घेऊन टाक हे. कोनासंग का होईना, बोलून त राह्यली."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मी दोन वर्षं समजत होते की माझं खोटं बोलणं बारीकसं आहे, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून बोललेलं. आणि हा माणूस दोन वर्षं रोज सकाळी उठून हेच मनात घेऊन चहा पीत होता की पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोने जाताना त्याच्याशी बोलणं सोडलं. त्या खोलीत जे काही होतं त्याची मला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण शुक्रवारपासून मला जास्त भीती माझीच वाटायला लागली.

शनिवारी शाळा होती. मी गेले नाही. अनुपला सुट्टी होती, तो बाजारात गेला, आणि मी पुढच्या खोलीत बाबांच्या समोर जमिनीवर बसले. टॅब आमच्या मध्ये ठेवला. म्हटलं, एकदा सांगून टाकू, हा लिहील, ते वाचतील, मला त्यांच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. शेवटपर्यंत माझी सोयच बघत होते मी.

"बाबा, आई बोलल्या होत्या," मी म्हणाले.

टॅबवर काही आलं नाही.

मी जवळ सरकले आणि मोठ्याने म्हणाले. काही नाही. पडदा उजळ, कोरा. मी जवळजवळ ओरडले. ज्या यंत्राने आठवडाभर आमच्या घरातली भांड्यांची बडबडसुद्धा सोडली नव्हती, ते माझा एक शब्द घ्यायला तयार नव्हतं. मला मागून, दिवाणाच्या बाजूने, कुणीतरी बघतंय असं वाटलं. मी वळले नाही.

मग मी टॅब बाजूला सारला. बाबांचे दोन्ही गुडघे धरले, तोंड वर केलं, आणि आवाज बंद करून ओठ हलवले, जसे आई हलवायच्या, मोठे आणि सावकाश. आईंनी मला बोलवायला सांगितलं होतं. कुणाला, ते ओठांनी नाही सांगितलं. उजव्या हाताची दोन बोटं हवेत पिळली.

बाबा खुर्चीत पुढे झुकले. ती खूण त्यांनी दोन वर्षांत कुणाच्या हातावर पाहिली नव्हती.

"कवा?" त्यांनी विचारलं.

शेवटच्या दिवशी, मी ओठांनी म्हटलं. दुपारी.

"किती बखत?"

मी तीन बोटं दाखवली, तीनदा. आणि ते इंजेक्शन, ते भिंतीकडे वळवणं, तेही सांगितलं. मी बोलावलं नाही, हेही सांगितलं. कंटाळा आला होता तुमचा, हे ओठांनी म्हणताना फार वेळ लागतो. प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडावं लागतं.

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते दिवाणाकडे बघत हळू म्हणाले, "म्हनजे रागात नव्हती."

नव्हत्या, मी ओठांनी म्हटलं.

"वाट पाहून राह्यली होती." त्यांनी डोळे पुसले, धोतराच्या सोग्याने, मग त्याच सोग्याने माझेही पुसले, जरा जोरातच. "तुवा लई वाईट केलं, माधवी. लई वाईट केलं. पन सांगतलं." मग म्हणाले, "तुले त येते वं आमची भाषा. हे डबडं काऊन आनलं मंग?"

संध्याकाळी त्यांनी आंघोळ केली, पांढरा सदरा मागून घेतला आणि अनुपशी दोन तास जिनातल्या गोष्टी बोलत बसले. टॅबवर दिवसभर एक ओळ आली नाही. "उद्या अकोल्याले जाऊन वापस देऊन ये ते," झोपायला जाताना बाबा मला म्हणाले. "आता काय काम त्याचं? निरोप भेटला."

रविवारी सकाळी साडेदहाच्या बसने मी निघाले. बाबा गॅलरीत आले होते. मी वर पाहिलं तेव्हा त्यांनी ओठांनी विचारलं, पाणी घेतलं का. मी हो म्हटलं. किती सोपं होतं ते. आणि दोन वर्षं मी ते शिकले नव्हते.

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबते. खाली उतरून मी रसवंतीवर रस घेतला, आणि पहिला घोट घेताना माझ्या डोक्यात ते आलं. आईंचा निरोप काय होता? त्यायले बोलाव. आता तो निरोप मी पोचवला. म्हणजे मी त्यांना बोलावलं. कुठे?

मी ग्लास तसाच ठेवला आणि अनुपला फोन लावला.

"बाबा काय करून राह्यले?"

"मजेत हायेत. दिवाणावर बसले हायेत, आईच्या. चहा मांगून राह्यले." तो हसला. "काऊन? तुले काय झालं?"

काही नाही म्हटलं. कंडक्टरने घंटी मारली. मी परत फिरावं की नाही या विचारात बसमध्ये चढले, आणि चढले म्हणून अकोल्याला गेले.

कुंदनच्या दुकानात एक वाजला होता. त्याने टॅब काचेच्या काउंटरवर ठेवला, ओरखडा तपासला, मागचं झाकण तपासलं. "चांगला त हाये. काऊन नको?" तो विचारत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, शटर उन्हासाठी अर्धं खाली ओढलेलं होतं. "बोल ना ताई. घेऊन राह्यली का वापस करून राह्यली? एक काय ते सांग."

मी तोंड उघडलं नव्हतं. कुंदनही बोलून थांबला होता. पण पडद्यावर त्याचं बोलणं आलंच नाही. दोन शब्द आले, सावकाश, पण या वेळी दम न घेता.

आले एकदाचे.

"हे काय लिहिलं यानं?" कुंदनने टॅब उचलला. "कोन आले?"

माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. अनुपचा असणार, हे मला काढायच्या आधीच कळलं होतं. मी आधी कुंदनच्या हातातून टॅब घेतला आणि पदराने त्याचा पडदा पुसला, अक्षरांना धक्का न लावता.

"वापस नाही करत," मी म्हणाले. "हा मी ठेवते."